सावलीचा हात

धनपाल मगदूमला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं; म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की सांगणाऱ्यानं झाकून ठेवलं. त्याला मिळणार होती नगरपरिषदेतल्या स्वीकृत सदस्याची एक खुर्ची. निवडणूक नाही, प्रचार नाही, हात जोडून दारोदार हिंडणं नाही, आणि पाच वर्षं नावाआधी 'मा.' लागणार. शिवाय घरामागचं गोडाऊन शाबूत राहणार होतं. पण ही दुसरी प्राप्ती त्याला स्वतःलाही बरीच उशिरा कळली, आणि कळल्यावर त्यानं ती कळलीच नाही असं केलं.

धनपालचा धंदा मंडप डेकोरेशनचा. कुंडलघाट गावात लग्न असो, वास्तुशांत असो की पंचकल्याणक पूजा, खुर्च्या त्याच्या आणि सतरंज्याही त्याच्याच. त्यामुळं कुठल्या कार्याला किती माणूस येणार, याचा अंदाज त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला नव्हता. बारशाला सांगितल्याच्या दीडपट, जेवणावळीला दुप्पट, व्याख्यानाला निम्मं, आणि घाटवेस प्रभागाच्या क्षेत्रसभेला अध्यक्ष, शिपाई आणि तो स्वतः धरून अकरा.

या क्षेत्रसभेचा तो चिटणीस होता. प्रभागातल्या प्रत्येक मतदाराला तिथं बसायचा, बोलायचा आणि हात वर करायचा हक्क. गटार कुठून न्यायचं, बाग करायची की पार्किंग, हे म्हणे लोकांनीच ठरवायचं. कायदा चांगला होता. लोकही चांगले होते. धनपाल रिक्षाला भोंगा बांधून आदल्या दिवशी साऱ्या गल्ल्या फिरायचा, आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर यायचं, "येतो की." कुंडलघाटात 'येतो की' हे नकाराचं सगळ्यात सभ्य रूप आहे. तरी तो दर वेळी शंभर खुर्च्या मांडायचा, फुकट, आणि सभा संपल्यावर स्वतः उचलायचा.

"धनपालशेठ," शिवलिंग आवटी एकदा आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून म्हणाला होता, "खुर्च्यांनाच मताचा हक्क द्या की. शंभर टक्के हजेरी."

"तू एकदा येऊन बस, मग एक खुर्ची कमी करतो."

"येतो की," आवटी म्हणाला.

न चुकता येणाऱ्यांत एक बाई असायची. धनपालची थोरली बहीण, सुवर्णा खोत. सगळा प्रभाग तिला अक्का म्हणायचा. धनपाल चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून त्याच्या पोटात काय गेलं आणि पायांत काय चढलं, हे अक्कानंच बघितलं. ती दिली होती त्याच गावात, नदीकाठच्या खालच्या आळीत. नवरा, आप्पा, गुऱ्हाळ चालवायचा. एकोणीसच्या महापुरात वरची आळीसुद्धा पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली, तेव्हा बोटी येईपर्यंत आप्पानं गूळ कढवायची लोखंडी काहील पाण्यात लोटली आणि तिच्यात बसवून वरच्या आळीची माणसं काढली. आवटीची आई त्यातच होती. आप्पा आता नाही. अक्का सभेला येते, पहिल्या रांगेत बसते, आणि भाऊ माइकवर बोलायला लागला की तोंडाला पदर लावून हसते.

*

मग वरून आदेश आला. ज्या प्रभागाचा लोकसहभाग जिल्ह्यात पहिला, त्याच्या पूरसंरक्षक भिंतीला निधी आधी, आणि त्याच्या चिटणिसाला नगरपरिषदेत खुर्ची. आदेशामागून यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लोक त्याला सावली म्हणायला लागले.

सावलीचं शास्त्र तसं सरळ आहे. माणूस काय ठरवील, हे त्याला विचारून नीट कळत नाही. तो आजवर काय करत आला, यावरून कळतं. तुमची संमती घेऊन यंत्र तुमच्या मागल्या काही वर्षांच्या खुणा गोळा करतं. नगरपरिषदेकडं कसल्या तक्रारी केल्या, कुठली नोटीस उघडून वाचली आणि कुठली न वाचता पुसली, पाणी किती वापरलं, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी कुंपणात आली तेव्हा काय केलं. त्यावर फोनवरच खेळासारखे चाळीसएक पेच घालतं. दिवा तुमच्या दारात हवा की अंधाऱ्या वळणावर? वाट तुमची लांबली आणि दुसऱ्याची आखूड झाली तर चालेल का? यातून तुमच्या आवडीनिवडीचा एक साचा तयार होतो. क्षेत्रसभेपुढं विषय आला की हा साचा तो विषय वाचतो, तुमचं त्यात काय जाईल आणि काय येईल ते तोलतो, आणि तुमच्या वतीनं हात वर करतो. तुम्ही दुकानात असा, शेतात असा, नाहीतर झोपलेले असा.

हे सगळं समजवायला पुण्याहून तन्वी देशमाने नावाची प्रकल्प अधिकारी आली होती. हुशार मुलगी. धनपालला काका म्हणायची आणि खरंच ऐकून घ्यायची.

"आम्ही ताडून बघितलंय काका. गुप्त चिठ्ठीनं मत घेतलं की माणूस आणि त्याची सावली शंभरात चौऱ्याण्णव वेळा जुळतात. पण उघड सभेत हात वर करायला लावला की साठ वेळासुद्धा जुळत नाहीत."

"म्हणजे सावली चुकते."

"नाही. हात चुकतो. चारचौघांत माणूस समोरच्याचं तोंड बघून हात वर करतो. तो भाग किती, ते आम्ही मोजलं आणि वजा केलं."

"भीड," धनपाल म्हणाला.

"हां, भीड. आमच्या भाषेत गोंगाट. रेडिओत खरखर येते ना, तसा."

धनपालला ते मनापासून पटलं. भिडेपायी त्यानं जन्मभर किती मंडप फुकट घातले होते, ते त्याचं त्याला माहीत. त्या खरखरीवर घाटवेशीतल्या चार पिढ्या एकमेकांशेजारी नांदल्या होत्या, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही. तन्वीच्या तर येण्याचं कारणच नव्हतं.

एका महिन्यात प्रभागातल्या जवळजवळ सगळ्यांनी सावली करून घेतली. जे लोक सभेला दहा मिनिटं देत नव्हते, त्यांनी चाळीस पेच मिटक्या मारत सोडवले. अक्कानं मात्र करून घेतली नाही.

"मी हाय की जिवंत. माझा हात हाय. त्याची सावली कशाला उन्हात उभी करतोस?"

"अक्का, आता सगळे असंच करणार."

"करू देत. मी येते."

पहिल्या सावलीसभेत चहा गार व्हायच्या आत सात विषय निकाली निघाले. सहभाग शंभरात शहाण्णव. धनपालनं शंभराच्या जागी दहा खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर अक्का, हात वर करून, एकटी. वर्षभरात घाटवेस जिल्ह्यात पहिली आली. पेपरात फोटो आला. जूनमध्ये खुर्ची मिळणार, हे तोंडी ठरलं. पद्मजानं, म्हणजे धनपालच्या बायकोनं, त्याच्यासाठी जाकिटाचं कापड आणून ठेवलं.

*

आणि भिंतीचा विषय आला.

घाटवेशीच्या दोन आळ्या. वरची चढावर, सहाशे घरांची; धनपालचं घरही तिच्यातच. खालची नदीला लागून, चाळीसएक घरांची. भिंतीच्या दोन रेषा आखल्या होत्या. लांब भिंत नदीच्या काठाकाठानं जाणार होती आणि दोन्ही आळ्या पोटात घेणार होती. पण तिच्या आत साचणारं पावसाचं पाणी काढायला नाला हवा, म्हणून वरच्या आळीतल्या प्रत्येक घराच्या परसातली दहा फुटांची पट्टी जाणार होती, आणि बांधायला तीन पावसाळे लागणार होते. आखूड भिंत दोन आळ्यांच्या मधल्या रस्त्यावरून जाणार होती. कुणाचं परस नाही, कुणाची गाडी लावायची जागा नाही, येत्या पावसाळ्याआधी काम पुरं. फक्त खालची आळी भिंतीबाहेर. आणि नदीला पसरायला जागा कमी उरल्यामुळं बाहेरचं पाणी पूर्वीपेक्षा दोन-तीन फूट जास्त चढणार. खालच्या आळीला गावाबाहेरच्या माळावर फ्लॅट देऊ, असं आराखड्याच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं.

सावल्यांनी आखूड भिंत निवडली. पाचात चार.

ज्याची सावली त्यालाच दिसते, गावात दुसऱ्या कुणाला नाही; नोंद राहते ती वरच्या कार्यालयात. धनपालनं फोन उघडून आपली बघितली. 'आखूड भिंत.' खाली एका ओळीत कारण दिलं होतं: 'परसातील गोडाऊन.'

त्यानं बाहेर जाऊन तन्वीला फोन लावला. "मॅडम, माझ्या सावलीत काहीतरी बिघाड झालाय. माझी सख्खी बहीण राहते त्या आळीत."

"ते सावलीला माहीत आहे काका," तन्वी म्हणाली. "हिशोबात धरलंय ते."

संध्याकाळी अक्का आली. तिनं भावाला 'तुझ्या सावलीनं काय केलं' असं विचारलं नाही. तिच्या डोक्यात तो प्रश्नच नव्हता.

"धन्या, हे लोकांनी केलेलं न्हाई. हे त्या यंत्रानं केलंय," ती म्हणाली. "आवटीचा शिवलिंग मला तोंडावर न्हाई म्हणंल? वरच्या आळीतली ती कुरण्याची पोरं म्हणतील? माझ्या डोळ्याला डोळा लावून सांगू देत, अक्का तू बुड म्हणून. मग मी जाते माळावर."

धनपालला बरं वाटलं. यंत्रानं केलं, हे त्यालाही सोयीचं होतं. त्यानं तिला फेरसभेचा नियम सांगितला. पुरेशा लोकांनी मागणी केली तर विषय पुन्हा घेता येतो, प्रत्यक्ष हात वर करून. मात्र हात मोजला जावा असं वाटत असेल, तर आपली सावली आधी आवरायला, म्हणजे त्या विषयापुरती बंद करायला, लागते. आणि ती सभेत आवरता येत नाही. आदल्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत, आपल्या घरात बसून, आपल्या अंगठ्यानं.

"सभेत का न्हाई?"

"सभेत दबाव येतो म्हणतात. घरात एकटा असताना माणूस खरं ते करतो."

"आणि न आवरता कुणी नुसताच हात वर केला तर?"

"तर तो हात शोभेचा. मोजायची ती सावलीच."

अक्कानं ते दोनदा म्हणवून घेतलं आणि पाठ केलं. दुसऱ्या दिवसापासून ती ताटलीत कुंकू आणि अक्षता घेऊन वरच्या आळीत घरोघर निघाली. भोंग्याच्या रिक्षाला 'येतो की' म्हणता येतं. हातावर अक्षता ठेवणाऱ्या बाईला म्हणता येत नाही. लग्नाचं बोलावणं करावं तसं ती प्रत्येक उंबऱ्यात थांबली, वडीलधाऱ्यांची चौकशी केली, आणि शेवटी सांगितलं, "सावली तेवढी आदल्या दिशी आवरा बरं का. न्हाईतर हात मोजत न्हाईत."

आवटीनं दुकानाच्या पायऱ्या उतरून अक्षता घेतल्या. "अक्का, काय बोलताय. आमची आई आप्पांच्या काहिलीतनं आली. सावली आजच आवरतो. आत्ता."

"सहा वाजायच्या आत. आदल्या दिशी."

"झालीच समजा."

प्रत्येक घरातून ती हेच ऐकून आली. धनपालकडं येऊन बसली, तेव्हा ताटलीत एक दाणा उरला नव्हता. "बघ," ती म्हणाली. "माणसं चांगली असत्यात रं. त्यांना बोलवावं लागतंय, एवढंच."

*

आदल्या दिवशी मगदूमांच्या घरी रोजच्यासारखं सूर्य मावळायच्या आत जेवण होतं. ताटाशेजारी फोन. फोनवर एक चौकट उघडलेली: 'सावली आवरायची आहे? अंगठा ठेवा.'

"ठेवताय?" पद्मजानं विचारलं.

"ठेवायला नको?"

"मी कुठं नको म्हणते. तुमची बहीण आहे." तिनं भाकरी वाढली. "फक्त गोडाऊन गेल्यावर मंडप कुठं ठेवायचे, ते सांगा. माजघरात? आणि दहा फूट म्हणजे गोडाऊनची मागची भिंतच. भिंत पाडली की राहिलं काय?"

"लोक आवरणारच आहेत सगळे. अक्कानं स्वतः सांगितलंय."

"तेच म्हणते मी. सहाशे घरं आवरणार आहेत. तुमच्या एका अंगठ्यावाचून अक्काचं अडत नाही."

धनपाल जेवता जेवता हिशोब करत होता, आणि अशा हिशोबात तो पक्का होता. आवटी आवरणार. कुरण्यांकडं चार मतं, चारही आवरणार. आळीभर अक्षता गेलेल्या. पाचात चार होते ते सहज फिरणार. लांब भिंत होणार. म्हणजे अक्का वाचणार. आता त्यात चिटणिसानंच आपली सावली आवरली, तर वर काय दिसेल? ज्यानं गावाला सावली लावली, त्याचाच तिच्यावर भरवसा नाही. एवढ्यावरून जूनची खुर्ची हलू शकते. आणि मिळवायचं काय, तर आधीच जिंकलेल्या मतांत एक मत.

पद्मजानं ताकाचा तांब्या पुढं केला. तांब्या धरायला हात मोकळा हवा, म्हणून त्यानं फोन पालथा ठेवला. बाहेर सहा वाजले. तेव्हा तो दुसऱ्यांदा ताक मागत होता.

*

फेरसभेला धनपालनं दोनशे खुर्च्या मांडल्या आणि अर्ध्या तासात गोडाऊनमधून आणखी दोनशे आणवल्या. त्याच्या आयुष्यात त्याचा अंदाज पहिल्यांदाच इतका चुकला. माणसं भिंतीला टेकून उभी होती. बायका नटून आल्या होत्या. तन्वी एका कोपऱ्यात आपल्या पडद्यापाशी बसली होती, आणि गर्दी बघून तिच्याही चेहऱ्यावर शंका आली.

अक्का माइकवर फार बोलली नाही. आप्पाचं नाव तिनं काढलंच नाही. "आम्ही चाळीस घरं हाय. तुमच्यासंगं राहायचं म्हणतोय. एवढंच मागायला आले," म्हणाली आणि खाली बसली. आप्पाची गोष्ट आवटीनं सांगितली. काहील, पाऊस, पाण्यावरून वाहत गेलेला सिलिंडर, आणि आईला उचलून घेणारे आप्पांचे हात. सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले.

अध्यक्षांनी विचारलं, लांब भिंतीच्या बाजूनं किती?

सगळे हात वर गेले. मंडपात एक हात खाली नव्हता. धनपालचाही वर होता, व्यासपीठावरून, सगळ्यांना दिसेल असा. अक्का मागं वळली आणि हातांचं ते रान बघत राहिली. लेक नांदायला जाताना आई जशी हसते-रडते, तसं तिचं तोंड झालं होतं.

तन्वीनं निकाल पडद्यावर टाकला.

नावं नव्हती. नावं कधीच नसतात. खालच्या आळीच्या सावल्या आधीपासूनच लांब भिंतीच्या बाजूनं होत्या, त्यांना आवरायचं कारण नव्हतं. वरच्या आळीत ज्यांनी सावली आवरली, त्यांचा फक्त आकडा होता. चार.

आखूड भिंत कायम.

हात अजून वरच होते. ते एकेक करून खाली आले, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बघायला लागला, कसला माणूस आहे हा, अशा नजरेनं. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. त्या चारांत आपण होतो, असं बाहेर चहाच्या गाड्यावर निदान साठ जणांनी शपथेवर सांगितलं. आवटीनं सगळ्यात आधी.

अक्का व्यासपीठापाशी आली. "चारच," ती म्हणाली. तिचा राग कुठं दिसत नव्हता. न आवडलेला पदार्थ पुन्हा चाखून बघावा, तसा तो शब्द तिनं तोंडात धरला होता. मग भावाच्या मनगटाला हात लावून तिनं विचारलं, "त्यातला एक तू, व्हय का न्हाई रं?"

"हो अक्का," धनपाल म्हणाला.

"मग तीन परके. बास." ती म्हणाली. "तीन परकी माणसं उभी राहिली माझ्यासाठी. कमी न्हाईत."

*

भिंत मेमध्ये उभी राहिली. काम उत्तम झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. खालच्या आळीतली निम्मी घरं माळावर गेली. अक्का गेली नाही. बघू या पावसाळा कसा येतो, म्हणाली.

जूनमध्ये नगरपरिषदेच्या सभागृहात धनपालचा सत्कार झाला. जाकीट अंगाला नेमकं बसलं होतं. अक्का पहिल्या रांगेत होती. तिनं हौसेनं जरीकाठाची साडी नेसली होती. मानपत्र वाचायला तन्वी उभी राहिली. तिच्या कार्यालयानं ते मोठ्या आपुलकीनं तयार केलं होतं. लोकसहभागाचे आकडे झाले, जिल्ह्यातला क्रमांक झाला, आणि मग तिनं वाचलं:

"विशेष उल्लेखनीय म्हणजे, फेरसभेच्या भावनिक वातावरणातही ज्यांनी आपली सावली एकदाही आवरली नाही, आणि सहभागाचा अखंड विक्रम राखला, असे चिटणीस श्री. धनपाल मगदूम."

टाळ्या झाल्या. धनपालला टाळ्यांतून एकच माणूस दिसत होतं. अक्कासुद्धा टाळ्या वाजवत होती. इतरांच्या थांबल्यावरही तिच्या थोडा वेळ चालू राहिल्या, कारण ती वाजवतेय हे तिच्या लक्षात नव्हतं. मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिली. मधून उठून जाणं बरं दिसलं नसतं.

ऑगस्टमध्ये नदी आली. सांगितल्याप्रमाणं बाहेरचं पाणी तीन फूट जास्त चढलं. आत वरच्या आळीत रस्ता कोरडा होता. आवटीच्या गाडीचं चाकसुद्धा भिजलं नाही. वरच्या आळीनं मोठ्या पातेल्यात खिचडी शिजवली आणि भिंतीवर उभं राहून दोरीला बांधलेल्या डब्यांतून खाली सोडली. डबे सोडायला इतकी माणसं जमली की रांग लावायला लागली. दुपारी बोटीनं अक्काला काढलं. तिचं घर दुसऱ्या दिवशी बसलं.

माळावरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. धनपाल पंधरा दिवस जायचं टाळत होता. मग गेला. दार अक्कानंच उघडलं.

"या," ती म्हणाली. "बसा."

तो उभाच राहिला. "अक्का, तू मला..."

"बसा की. सदस्य झालात. मान द्यायला लागतोय. चहा घेणार न्हवं तुम्ही?"

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर त्याला सोसला असता. टोमणा नव्हता. परक्या माणसाशी बोलताना असतो तो नीटस सभ्यपणा होता. तिनं चहा केला, कपबशी पुढं ठेवली, पद्मजाची विचारपूस केली. तो उठताना म्हणाला, "रविवारी घरी जेवायला ये अक्का. गाडी पाठवतो."

"येते की," अक्का म्हणाली.

आता शेवटचा हिशोब. सावलीची पद्धत चाळीस गावांत लागली आणि तन्वीला बढती मिळाली. वरच्या आळीचं परस वाचलं. आवटीला आपण चारांतले एक होतो हे आता इतकं खरं वाटतं, की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ते खरे चार कोण, हे त्यांचं त्यांनाच माहीत, आणि ते बोलत नाहीत. धनपालला खुर्ची मिळाली, गोडाऊन राहिलं. कधीकधी तो पद्मजाजवळ म्हणतो, मलाही भरावं लागलंच की, बहीण गेली माझी. पण हे खातं तपासून घ्यायला हवं. गेलेल्या गोष्टी तीन: एक घर, एक आळी, आणि लहानपणापासून पदराआड वाढवलेला एक भाऊ. तिन्ही अक्काच्या होत्या.

भरलं तिनंच.